एक्स्टेन्शन बदललं म्हणून गाणं बदलत नाही

तुम्ही जमा केलेली हार्ड डिस्क मी तपासली. फोल्डरांवर ‘लॉसलेस’, म्हणजे मूळ आवाजातलं काहीही न गमावलेलं, असं लिहिलंय, प्रत्येक फाइलच्या शेपटीला फ्लॅक लागलंय आणि सोबतच्या कागदावर काम पूर्ण झाल्याच्या सह्या आहेत. काम पूर्ण झालेलं नाही. काही फाइली सरळ खोट्या आहेत आणि उरलेल्या खऱ्या आहेत असं म्हणायला तुमच्या हातात पुरावा नाही. ज्या घरानं आपल्या गायक वडिलांच्या सीड्यांची खोकी विश्वासानं आपल्या वर्गाकडे सोपवली, त्यांच्या हातात मी हे देणार नाही. ‘पण सर’ हे दोन शब्द आज मला ऐकायचे नाहीत. आधी ऐका.

सगळ्यात वाईट गोष्ट आधी सांगतो. अभंगांच्या फोल्डरातली एक फाइल मी स्पेकमध्ये उघडली. स्पेक हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम आहे, तो आवाजाचं चित्र काढून दाखवतो. आडवा वेळ, उभी कंप्रता. तुमच्या फाइलच्या चित्रात खालून रंग भरत येतो आणि सोळा किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीनं आखल्यासारखा तुटतो. त्याच्या वर काहीच नाही, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत. मग मी खोक्यातून तीच मूळ सीडी काढली, माझ्या यंत्रावर वाचली आणि पुन्हा चित्र काढलं. टाळ पडला की रंगाची उभी रेघ थेट वीस किलोहर्ट्झच्या पलीकडे जाते. सीडीवर साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि टाळाची धार तिथवर पोचते. तुमच्या फाइलमध्ये ती धार नाही. कान देऊन ऐका, टाळ वाजत नाही, नुसता सळसळतो. तानपुऱ्याची जवारीही तशीच बोथट झाली आहे.

तुम्ही काय केलंत ते त्या चित्रात उघड दिसतं. आधी घाईनं १२८ केबीपीएसचे एमपीथ्री काढलेत. मी लॉसलेस मागितलं तेव्हा सीडी पुन्हा ड्राइव्हमध्ये घालायचा कंटाळा केलात आणि तेच एमपीथ्री कन्व्हर्टरमध्ये टाकून फ्लॅक बनवलेत. साधा गुणाकार करा. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. झाले सेकंदाला १४११ किलोबिट. त्यातले १२८ ठेवलेत, म्हणजे अकरा भागांतला एक. उरलेले दहा कानाला कमी जाणवतील असे हेरून टाकलेले असतात हे मला माहीत आहे, पण टाकलेले असतात. फ्लॅकमध्ये ओतल्यावर फाइल फुगली. टाकलेलं काही परत आलं नाही.

एमपीथ्री एमपीथ्री म्हणूनच ठेवला असतात तर मी एवढा रागावलो नसतो. तो आपलं नाव लपवत नाही. पाहणाऱ्याला कळतं की ही कामचलाऊ प्रत आहे, मूळ शोधायला हवं. तुमची फाइल पाहून मात्र दहा वर्षांनी कोणीतरी म्हणेल, लॉसलेस प्रत आहेच की, मग ही खरचटलेली डिस्क कशाला सांभाळायची? आणि डिस्क भंगारात जाईल. तुमचा कंटाळा एका दुपारचा होता, नुकसान कायमचं होणार आहे.

अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली मुंबईत गेले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी ज्यांनी घडवली, त्यांचं एकही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ पासून चालू होतं. तरीही नाही. ते कसे गात असतील याचा अंदाज आपण त्यांच्या शिष्या केसरबाईंच्या आणि मोगूबाईंच्या ध्वनिमुद्रिका ऐकून बांधतो. ज्या विद्येत एका पिढीचा आवाज असा संपूर्ण हरवू शकतो, त्या विद्येचे विद्यार्थी म्हणवता तुम्ही स्वतःला. हातात मूळ प्रत असताना ती अकरा भागांत एक करून ठेवता?

दोन संच तुम्ही चक्क यूट्यूबवरून उतरवलेत, त्यांच्याबद्दल एकच वाक्य. तिथला आवाज आधीच ओपस किंवा एएसीमध्ये दाबलेला असतो, त्याला फ्लॅकचं नाव देणं ही फसवणूक आहे आणि सीडी सापडली नसेल तर ‘सापडली नाही’ असं लिहायचं असतं.

आता सॉफ्टवेअर. तुमच्यातल्या एकानं अहवालात लिहिलंय की रिपिंगला, म्हणजे सीडीवरून फाइल काढायला, कुठलाही प्रोग्रॅम चालतो, कारण शेवटी सगळं डिजिटलच आहे. म्हणून संगणकासोबत फुकट आलेल्या प्लेअरनं, सगळ्यात जास्त वेगानं, एक अख्खं खोकं उरकलंत. डिजिटल आहे म्हणून बरोबर आहे, हा समज डोक्यातून काढून टाका. डेटा सीडीच्या एका सेक्टरात तुमच्या फाइलचे २०४८ बाइट असतात. उरलेली जागा त्या सेक्टराचा पत्ता आणि चुका दुरुस्त करायचे जादा आकडे यांना दिलेली असते. ऑडिओ सीडीच्या सेक्टरात २३५२ च्या २३५२ बाइट आवाजच असतो. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली रेड बुक हे मानक ठरवलं तेव्हा ती तबकडी प्लेअरमध्ये वाजावी एवढाच विचार होता. चुका दुरुस्त करणारा एक थर तीतही आहे. पण ओरखडा त्याच्या आवाक्याबाहेर गेला की प्लेअर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो, रिकामी जागा भरतो आणि पुढे जातो. संगणकाचा ड्राइव्हही तेच करतो आणि साधा प्रोग्रॅम त्याला जाब विचारत नाही. फाइल तयार होते, लांबी बरोबर, आकार बरोबर, आत अंदाजानं भरलेल्या जागा.

म्हणून प्रोग्रॅम निवडताना एकच गोष्ट पाहायची. वाचताना चूक झाली तर तो मला सांगतो का? बटणं कशी दिसतात, कव्हरचं चित्र आपोआप येतं का, चार मिनिटांत सीडी संपते का, हे सगळं नंतर. विंडोजवर आंद्रे वीथॉफ यांचा एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी आहे, ज्याला सगळे ईएसी म्हणतात. १९९८ पासून आहे आणि फुकट आहे. त्याच्या सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक सेक्टर निदान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर तो तिथेच ठाण मांडतो आणि गरज पडली तर तोच सेक्टर ८२ वेळांपर्यंत वाचतो. पैसे देऊन डीबीपॉवरअँप घेता येतो, तो लावायला सोपा आहे. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. कुठलाही घ्या. पण ईएसी घेऊन त्यात बर्स्ट मोड लावला, जसा तुमच्यातल्या दोघांनी लावलाय, तर ईएसी घेतल्याचा उपयोग शून्य. तो मोड वेगासाठी आहे, दोनदा वाचून पडताळणं त्यात नाही.

आणखी दोन गोष्टी लावायच्या असतात. बहुतेक ड्राइव्ह वाचलेला भाग स्वतःच्या कॅशेत ठेवतात. दुसऱ्यांदा मागितलं की तबकडीकडे न जाता कॅशेतलंच पुढे करतात आणि दोन्ही वाचनं अर्थातच जुळतात. ही पळवाट बंद करायची सोय ईएसीत आहे, ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ती एकदा तपासून घ्यायची. दुसरं ऑफसेट. प्रत्येक जातीचा ड्राइव्ह काही नमुने अलीकडे किंवा पलीकडे वाचतो, कोणी सहा नमुने, कोणी ६६७. आपल्या ड्राइव्हचा आकडा भरायचा. कानाला यातलं काही कळत नाही, पण तो भरला नाही तर तुमची प्रत दुसऱ्या कोणाच्या प्रतीशी ताडून पाहता येत नाही. ॲक्युरेटरिप हा संग्रह त्यासाठीच आहे. जगभरच्या लोकांनी वाचलेल्या सीड्यांचे चेकसम, म्हणजे आवाजावरून काढलेले पडताळणीचे आकडे, तिथे आहेत. तुमचा आकडा अनोळखी लोकांच्या आकड्यांशी जुळला तर प्रत बरोबर आहे, कारण वेगवेगळ्या ड्राइव्हांवर नेमकी एकच चूक होत नाही.

इथे आपल्या कामातली खरी अडचण येते आणि तुम्ही नेमकी तीच टाळलीत. खोक्यात निम्म्याहून अधिक डिस्क बाजारातल्या नाहीत. कॅसेटवरून घरी राइट केलेल्या सीडी-आर आहेत, वर स्केचपेननं तारीख आणि रागाचं नाव. त्या जगात एकेकच आहेत, कुठल्या संग्रहात त्यांचा चेकसम असणार? ज्या छापील सीड्या अजून कोणाकडे तरी सापडतील त्या तुम्ही आधी केल्यात, कारण त्यांची नावं आपोआप भरली गेली. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही त्या शेवटी उरकल्यात, चार तर केल्याच नाहीत. क्रम उलटा हवा होता. सीडी-आरचा रंगद्रव्याचा थर उन्हानं, उष्णतेनं, दमट हवेनं उतरतो आणि हे घर कोकणातलं आहे. अशा डिस्कसाठी ईएसीत टेस्ट अँड कॉपी आहे. अख्खा ट्रॅक एकदा वाचून आकडा काढायचा, मग पुन्हा वाचून फाइल करायची आणि दोन्ही आकडे, म्हणजे सीआरसी, जुळतात का ते पाहायचं.

मी त्यातली एक डिस्क तशी वाचली. मालकंसचा विलंबित. लॉगमध्ये आलं, ट्रॅक क्वालिटी ९९.७ टक्के, टेस्टचा आकडा वेगळा, कॉपीचा वेगळा, आणि खाली संशयाची जागा म्हणून अकरा मिनिटं बेचाळीस सेकंद. तुमची फाइल त्या जागी ऐकली. समेच्या जरा आधी टिक्‌ टिक्‌ असे दोन बारीक आवाज आहेत. तुम्ही म्हणाल तबलजीचं काही असेल. डिस्क मऊ फडक्यानं मधून बाहेरच्या कडेकडे पुसली, गोल फिरवून नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हवर कमी वेगानं वाचली. शंभर टक्के, दोन्ही आकडे जुळले, टिक्‌ नाही. तबलजीचा काहीही दोष नव्हता. पन्नास वर्षं साथ केलेल्या माणसाच्या नावावर तुम्ही तुमचा ओरखडा लावणार होतात.

फॉरमॅटवर तुम्ही आपसात वाद घालत बसलात असं कळलं. इतका वाद घालण्यासारखं त्यात काही नाही. फ्लॅक घ्या. जॉश कोल्सन यांनी तो सुरू केला, पहिली पक्की आवृत्ती २००१ ची. तो खुला आहे, कोणा एका कंपनीच्या मर्जीवर नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आयईटीएफनं आरएफसी ९६३९ म्हणून त्याचं मानकही प्रसिद्ध केलं. आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह चेकसम फाइलच्याच पोटात असतो. वीस वर्षांनी हार्ड डिस्कवर एक बिट सडला तरी तपासणीत फाइल स्वतः सांगते की मी बिघडले. साध्या वेव्हमध्ये ही सोय नाही, शिवाय जागा बरीच जास्त आणि टॅगांची रड. तासाभराची सीडी वेव्हमध्ये ६३५ एमबी होते, फ्लॅकमध्ये बहुधा त्याच्या पन्नास ते सत्तर टक्के. एक टीबीच्या डिस्कवर दोन हजारांहून जास्त सीड्या बसतात. तेव्हा जागा वाचवण्यासाठी एमपीथ्री केले हे कारण मला पुन्हा देऊ नका. लेव्हल पाच की आठ यावर भांडू नका, आवाज तोच राहतो, फक्त आकारात थोडा फरक. घरात सगळी ॲपलची उपकरणं असतील तर त्यांच्यासाठी ॲलॅकची प्रत काढून द्या. फ्लॅकवरून ॲलॅक आणि परत फ्लॅक केलं तरी एक बिटही हलत नाही. मंकीज ऑडिओ, शॉर्टन वगैरेंच्या वाटेला जाऊ नका. शॉर्टनमध्ये एके काळी मैफलीच्या मैफली फिरत होत्या, आज ती फाइल कोणाला दिली तर आधी वाजवायचं कशात हा प्रश्न पडतो. फोनसाठी एमपीथ्री किंवा ओपस खुशाल करा, पण फ्लॅकवरून करा, आणि त्यांना वेगळ्या फोल्डरात ठेवा.

आता राइटिंग. घरच्यांनी सीडी प्लेअरवर ऐकण्यासाठी प्रती मागितल्या होत्या. तुम्ही दिलेली डिस्क मी लावली. बडा ख्याल संपत येतो, तबला लय वाढवतो, आणि छोट्या ख्यालाच्या तोंडाशी दोन सेकंद शांतता. मग गाणं मध्येच उगवतं. मैफलीत असं झालं असतं तर श्रोते उठून गेले असते. हे ट्रॅक-ॲट-वन्स पद्धतीनं राइट केल्यामुळे झालं. त्यात दर ट्रॅकनंतर लेझर थांबतो आणि दोन सेकंदांचं अंतर पडतं. डिस्क-ॲट-वन्स निवडायचं आणि रिप करताना काढलेली क्यू-शीट वापरायची. तीत प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो, मध्ये मोकळी जागा किती, हे सगळं लिहिलेलं असतं. ईएसी, इमबर्न, लिनक्सवर केथ्रीबी किंवा सीडीआरडीएओ, सगळ्यांना हे जमतं. प्रश्न सॉफ्टवेअरचा नव्हता, तुम्ही पर्याय वाचलेच नाहीत.

दुसऱ्या एका डिस्कवर अंतर नव्हतं, पण जोडावर खट्‌ असा आवाज होता. तो कुठून आला ते कोणालाच सांगता आलं नाही, म्हणून नीट सांगतो. सीडीवरचा ट्रॅक अख्ख्या सेक्टरांचाच असावा लागतो, एक सेक्टर म्हणजे सेकंदाचा पंच्याहत्तरावा भाग, ५८८ नमुने. तुम्ही लांब मैफल एडिटरमध्ये उघडून मनाला येईल तिथे कापलीत. शेवटचा सेक्टर अर्धवट राहिला, राइट करताना उरलेली जागा शून्यांनी भरली गेली आणि तानपुरा चालू असताना मध्येच शून्य आलं की खट्‌ होणारच. ऑडॅसिटीत कापण्याच्या जागा सीडीडीए फ्रेमला, म्हणजे याच सेक्टरांच्या कडांना, चिकटवण्याची सोय आहे. ती लावून कापा, जोड कळतसुद्धा नाही.

बाकी राइटिंगचं थोडक्यात. जास्तीत जास्त वेग नको, आणि एक पटीचा हट्टही नको, आजच्या डिस्क त्या वेगासाठी केलेल्या नाहीत. १६ किंवा २४ पटीत राइट करा. चिकटपट्टीची लेबलं लावू नका. सीडीत माहितीचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असतो आणि त्यावर फक्त लॅकरचं पातळ आवरण. डिस्कसाठी मिळणाऱ्या पाण्याच्या शाईच्या पेननं लिहा. २४ बिटांची फाइल ऑडिओ सीडीवर २४ बिटांची राहत नाही, तेव्हा वर ‘हाय-रेझ’ लिहून लोकांना फसवू नका. आणि राइट झालेली डिस्क पुन्हा रिप करून सीआरसी मूळ फाइलशी जुळवल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नका.

टॅग. ‘ट्रॅक झीरो वन’, ‘अननोन आर्टिस्ट’. एका ठिकाणी भीमसेन जोशी यांचं नाव रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलंय आणि त्यामुळे यादीत ते तीन गायक झालेत. फ्लॅकच्या टॅगांत युनिकोड चालतं. रकान्याचं नाव तेवढं रोमन अक्षरांत द्यावं लागतं, आतला मजकूर स्वच्छ देवनागरीत लिहिता येतो, आणि लागेल तितके रकाने वाढवता येतात. राग, ताल, बंदिश कोणाची, तबल्याला कोण, पेटीला कोण, मागे तानपुऱ्यावर कोणता शिष्य बसला होता. ही माहिती त्या स्केचपेनच्या ओळीत आहे, कव्हराच्या आतल्या कागदावर आहे, आणि त्या घरातल्या वृद्ध बाईंच्या तोंडी आहे. त्यांना फोन करून विचारायला तुम्हाला वेळ मिळाला नाही? पेटीवाल्याचं नाव आज त्यांना आठवतंय तोवर लिहून घ्या.

आता काम. उद्या सकाळी सगळी खोकी पुन्हा उघडायची. घरी राइट केलेल्या डिस्क आधी, त्यातही ज्यांचा खालचा रंग फिका किंवा डागाळलेला दिसतो त्या सगळ्यांत आधी. प्रत्येक फोल्डरात फ्लॅक, लॉग, क्यू-शीट आणि कव्हराचा स्कॅन, चारही हवेत. लॉग नसेल तर ते काम झालंय असं मी धरणार नाही. ज्या डिस्कचे आकडे जुळणार नाहीत त्यांची वेगळी यादी करून मला द्या. त्यावर जोर लावू नका, पॉलिश लावू नका, आपण त्या दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हवर वाचून पाहू. पूर्ण झालेल्या संग्रहाच्या तीन प्रती, त्यातली एक या इमारतीबाहेर.

आणि एमपीथ्रीवरून केलेले ते फ्लॅक कुठले, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. एमपीथ्री राहू द्या, एखादी डिस्क आता वाचताच आली नाही तर तेवढंच हाती उरेल, पण एमपीथ्री म्हणूनच राहू द्या. खोटे फ्लॅक आत्ता, माझ्यासमोर डिलीट करायचे. लॅपटॉप उघडा.